तोबाकाठचा मामा

साहेबानं हुकूम दिला इंग्रजीत आणि मी तो वहीत उतरवला मराठीत. घोटाळा तिथंच सुरू झाला. साहेब म्हणाला होता, उद्या तळ्याकाठच्या बटाक गावात जा आणि भाजीचं काय जमतंय ते बघून ये. मी लिहिलं: "तळ्याकाठचं गाव. बटाटे, चार पोती." बटाक हे तिथल्या लोकांचं नाव आहे, हे मला गावात पोचल्यावर कळलं. त्या गावात बटाटा औषधालासुद्धा नव्हता.

लढाई संपली होती. जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली होती आणि सातारा-सांगलीकडच्या गड्यांनी भरलेल्या आमच्या पलटणीला घरी पाठवायचं सोडून सुमात्रा बेटावर उतरवलं होतं. तिथं आधी डचांचं राज्य होतं, मग जपान्यांचं झालं, आणि आता तिथल्या लोकांना दोघंही नको होते. मग आम्ही मधे कशाला, असं मी सुभेदाराला एकदा विचारलं. तो म्हणाला, "तुला स्टोअर दिलंय न्हवं? डबं मोज." मी डबे मोजायला लागलो. मला ते काम आवडायचं, आणि अजूनही घरातल्या कुठल्या डब्यात काय आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आमचा तळ डोंगरावर, डचांच्या थंड हवेच्या गावी होता. महाबळेश्वर बघितलेल्या माणसाला तिथं नवीन काही नव्हतं. धुकं, गुलाब, बंगल्यांना बायकांची नावं. साहेब कुठल्याही देशाचा असो, त्याला उकडायला लागलं की तो डोंगर चढतो आणि तिथल्या माणसाला घोडा धरायला लावतो. डोंगराखाली तोबा नावाचं तळं. कृष्णेचे माझ्या आयुष्यात बघितलेले सगळे पूर एका ठिकाणी आणून ओतले तरी ते भरलं नसतं. आता कोयनानगरला धरण झालं आहे आणि त्याचं पाणी बघून आमच्याकडची माणसं तोंडात बोट घालतात. मी घालत नाही.

मला घरी जायची घाई होती, आणि त्याला कारण होतं. मलकापूरच्या मामाची मुलगी माझ्यासाठी थांबली होती. मी भरती झालो तेव्हाच साखरपुडा झालेला. मामा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, ताठ मिशीचा माणूस. आमच्या भावकीतला एक जण रंगूनला गेला तो तिथंच बायको करून बसला होता, त्याचा मामानं धसका घेतलेला. निघताना मला कराड स्टेशनवर त्यानं एवढंच सांगितलं, "एकटा जातूस, एकटाच यायचं. दुकटा आलास तर मलकापुरात पाय ठेवायचा न्हाई." मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. चार वर्षं मी ते पाळलं. बिघडलं ते तळ्याकाठी.

माझ्याबरोबर ट्रकचा डायवर होता, जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याला कुठलाही डोंगर दिसला की तो आधी त्यावर किती मेंढरं चरतील ते बघायचा. शेवटच्या वळणावर तो एका हिरव्या उताराकडे बघत म्हणाला, "गड्या, हितं आमची समदी वाडी चरंल," आणि ट्रक खड्ड्यात घातला. मागचा अॅक्सल मोडला. आम्ही दोघं, दोन बंदुका आणि शिध्याची पेटी घेऊन गावात चालत गेलो.

गाव म्हणजे आठ घरं. पण घरं कसली! खांबांवर उभी केलेली लाकडी जहाजंच. माडाच्या काळ्या काथ्याची छपरं, टोकाला म्हशीची शिंगं, खाली डुकरं. एकेका घरात आठ-आठ कुटुंबं आणि मधे चार चुली. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारा पान चघळत लाकडाची बाहुली कोरत बसला होता. त्याला बाजारातली मलाय भाषा येत होती आणि मलायात काढलेल्या दिवसांत मलाही थोडी आली होती. त्यानं आमच्या बंदुकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "टुरिस्ट परत कधी येणार?"

लढाईच्या आधी डच लोक मोटारींतून तळं बघायला यायचे, असं त्यानं सांगितलं. बायका नाचून दाखवायच्या आणि हा जुन्या मूर्ती विकायचा. जपानी आले ते नुसत्या कोंबड्या घेऊन गेले, त्यांना कलेची आवड नव्हती. जुन्या मूर्ती तो स्वतःच करायचा. कोरायच्या, चुलीवर धुरात टांगायच्या, मग म्हशीच्या शेणात पुरायच्या. "तीन महिन्यांत दोनशे वर्षांची होते," तो म्हणाला आणि एक माझ्यापुढे धरली.

मी म्हणालो, "मामा, आम्ही टुरिस्ट नाही." बाकीचं वाक्य मी त्याच्या भाषेत बोललो, पण 'मामा' तोंडातून आपोआप गेलं. आमच्याकडे अनोळखी वडीलधारा दिसला की तो मामाच असतो. पोलीस मामा, टांगेवाला मामा, शेजारच्या बांधावर भांडायला आलेलाही मामा. म्हाताऱ्याचं चघळणं थांबलं. खिडकीतून त्याच्या बायकोनं डोकं बाहेर काढलं. आता एकाला रामराम घालून दुसरीला घालायचा नाही हे बरं दिसत नाही, म्हणून मी हात जोडून म्हणालो, "रामराम, मामी."

घरात एकदम कालवा झाला. आठही कुटुंबांतल्या बायका ओट्यावर आल्या. मामीनं पानसुपारीचं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. मी डायवरला म्हणालो, "बघ, भाषा येत असली की कसं जमतं."

दुपारी जेवायला बसवलं. भात, तळ्यातला मासा आणि एका वाडग्यात काळपट मटण. डायवरनं बोटानं दाखवून विचारलं, "बकरं काय, आज्जा?" म्हातारा हसला आणि समजेल अशा भाषेत म्हणाला, "भू, भू." डायवरचा हात तसाच वर राहिला. मी घाईनं सांगितलं, आमच्या कुळात हे चालत नाही. मला वाटलं, आता हा रागावणार. उलट तो मांडीवर थाप मारून बायकांकडे वळला. त्यांच्यातही कुळं होती, आमच्या देवकासारखीच. एका कुळात लग्न होत नाही. त्यांतलं एक कूळ कुत्रं खात नव्हतं आणि त्याचे पूर्वज फार पूर्वी जहाजातून हिंदुस्थानातून आले असं ते सांगत. म्हाताऱ्याचं कूळ वेगळं. म्हणजे माझं कूळ ठरलं आणि ते जुळलंही. आमच्याकडे याला चार माणसं आणि दोन दिवस लागतात. तिथं एका वाडग्यावर भागलं. पण काय जुळलं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तळावरचा मोटारसायकलवाला आम्हाला शोधत आला. सुटा भाग मेदान शहराहून येईल, तोवर ट्रक राखत बसा, असा निरोप होता. त्याच्याबरोबर मी आईला पत्र पाठवलं. गमतीनंच लिहिलं की ट्रकचा अॅक्सल मोडला आहे, तळ्याकाठच्या गावात एक मामा भेटला आहे, मामी पोटभर जेवू घालते, त्यांची लेक कामाला चांगली आहे, काळजी नसावी.

तोवर म्हाताऱ्यानं मला कामाला जुंपलं होतं. छप्पर शाकारायला चढवलं, पाणी आणायला लावलं, डुकरांचं कुंपण बांधायला लावलं. मामाकडे भाचा म्हणजे फुकटचा गडी, हा रिवाज मलकापुरातही होता, म्हणून मला काही वाटलं नाही. फक्त तो मला सारखी 'केला, केला' अशी हाक मारायचा. गावातली पोरंही तेच ओरडायची. रस्त्यावर फिरणारे बांबूचे भाले घेतलेले तरुण एकदा आम्हाला जाब विचारायला आले, कारण ते आम्हाला डचांचे नोकर समजत. ते फारसं चुकीचंही नव्हतं. म्हाताऱ्यानं ओट्यावरूनच त्यांना सांगितलं, हा माझा केला आहे. ते माझ्याकडे बघून दात काढत निघून गेले.

डायवर म्हणाला, "तुला क्येळं का म्हनत्यात रं?"

"केळं नव्हे. केला. काहीतरी मानाचं असणार."

"हिंदीत केला म्हंजी केळंच की. आन मराठीत केला म्हंजी उरकला."

उरकलाच होता. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याची मुलगी उखळात भात कांडत होती. डोक्यावर उशीसारखी घडी घातलेलं फडकं, हात माझ्यापेक्षा जाड. मुसळ न थांबवता तिनं मला विचारलं, "तू खरंच मला नेणार आहेस का?"

"कुठं?"

"तुझ्या गावाला. केला म्हणजे जावई. तू आल्याबरोबर बापाला मामा म्हणालास. आमच्याकडे मामा म्हणणं म्हणजे मुलगी मागणं."

माझ्या हातातली बादली खाली पडली. मी तिला सगळं सांगितलं. आमच्याकडेही मामाची मुलगी भाच्याचीच असते, पण आम्ही मामा कुणालाही म्हणतो, आणि माझा खरा मामा घरी मिशीला पीळ देत बसला आहे. ती कांडायची थांबली आणि हसायला लागली. "बरं झालं. मलाही तू नको आहेस. माझा आतेभाऊ पलीकडच्या काठाला आहे. बापाला तो आवडत नाही, कारण तो चार लोकांत बापाच्या जुन्या मूर्तींना नव्या म्हणतो."

सुटायचा रस्ता तिनंच सांगितला. ठरलेलं मोडायचं असेल तर मोडणाऱ्यानं दुसऱ्याला जेवू घालायचं. त्यानं घास घेतला की दोघं मोकळे. भांडण नाही, पंच नाहीत. तो मात्र जेवला नाही, तर ठरलेलं कायम.

मी वहीत यादी केली. शिध्याच्या पेटीत कणीक होती, हरभऱ्याची डाळ होती. गूळ त्यांच्याकडे माडाचा मिळाला. डायवरला म्हणालो, पुरणपोळी करू. तो म्हणाला, "बाप्या मानसांनी पुरन वाटलेलं माज्या बापजल्मात बगितलं न्हाई." तरी त्यानं वाटलं, दगडावर दगड घासून. पहिल्या सहा पोळ्या ओट्याखालच्या डुकरांना गेल्या. सातवी गोल नव्हती, पण फुटली नाही. म्हातारा पानापुढे बसला आणि पोळी उलटीपालटी करून बघितली. त्याला सगळं समजलं होतं. मी हात जोडून उभा. त्यानं जर पान बाजूला सारलं असतं, तर मी आज कुठं असतो ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्याच छपरावर.

त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. मग पाच पोळ्या खाल्ल्या. मग म्हणाला, "हा चपटा गोड मासा चांगला आहे." तो मासा नाही हे मी सांगितलं नाही, कशाला ओढवून घ्या.

बाराव्या दिवशी सुटा भाग आला. निघताना मामीनं हातमागाचं काळं-तांबडं वस्त्र दिलं, तुझ्या खऱ्या मामाच्या मुलीला दे म्हणाली. म्हाताऱ्यानं एक मूर्ती दिली आणि कानात सांगितलं, दोनशे वर्षांची आहे. तिचं खोड तासताना मी त्याला सोमवारी बघितलं होतं.

काही महिन्यांनी मी कराड स्टेशनवर उतरलो. एकटाच. घ्यायला कुणी नव्हतं. घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्या पाठीमागं वाकून बघितलं आणि म्हणाली, "कुटं ठेवली तिला?"

झालं होतं असं. आमच्या पलटणीतला पत्रं तपासणारा साहेब मराठी शिकलेला होता, पण बेताचीच. ट्रक, तळं, गाव, जे जे लष्करी वाटलं त्यावर त्यानं काळी शाई फासली होती. मास्तरांनी आईला पत्र वाचून दाखवलं, तेव्हा नेमका मलकापूरचा मामा ओसरीवर बसलेला. उरलं होतं ते असं: "… मोडला आहे. … एक मामा भेटला आहे. मामी पोटभर जेवू घालते, त्यांची लेक कामाला चांगली आहे, काळजी नसावी." अॅक्सल शाईखाली गेला होता, त्यामुळं मोडला तो साखरपुडा, असा अर्थ मामानं लावला. पत्र खिशात घालून तो उठला आणि माधवनगरच्या गिरणीतल्या एका मुकादमाचं स्थळ बघून आला. ते लोक शुक्रवारी मुलगी बघायला येणार होते. मी पोचलो मंगळवारी.

बुधवारी सकाळी मी वस्त्र आणि मूर्ती पिशवीत घालून मलकापूरला गेलो. मामा अंगणात बाजेवर बसला होता. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"आलास? आन ती?"

"मामा, ती कोण न्हाई. ट्रकचा अॅक्सल मोडला हुता."

"आक्सल! मी बसऱ्याला जाऊन आलोय रं. मला आक्सल शिकवतूस? मामा म्हनलास का न्हाईस दुसऱ्याला?"

"म्हनलो."

"मामी म्हनलास?"

"म्हनलो. पर चुकून."

"चुकून मानूस एकदा मामा म्हनतंय. तू मामीबी म्हनलास."

तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून आवाज आला. मामाची मुलगी चौथीपर्यंत शिकलेली होती. "आबा, कागद उनात धरा. शाईखाली 'ट्रक' हाय, 'आक्सल' हाय. मी कवाच बगितलंय."

मामानं पत्र उन्हात धरलं, डोळे बारीक केले, मग पत्र खाली घेतलं. "मग बोलली का न्हाईस?"

"मला इचारलं कुनी?"

मामानं पत्राची घडी घातली. त्याची चूक त्याला दिसली होती, पण माधवनगरला तो शब्द देऊन बसला होता आणि शब्द मागं घेणं त्याला बसऱ्याला परत जाण्याइतकं जड होतं. शेवटी त्यानं आमच्याकडे असल्या वेळी सगळेच म्हणतात ते म्हटलं, "बरं. आलाईस तर जेवून जा."

मामीनं ताट आणून ठेवलं. मी मुद्दामच तळ्याकाठच्या बटाक लोकांच्या रिवाजाची गोष्ट सांगितली, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मोडणाऱ्यानं जेवू घालायचं, दुसऱ्यानं घास घेतला की मोकळं. मग मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"म्हंजी?" मामा म्हणाला.

"म्हंजी मी जेवनार न्हाई."

"हे मलकापूर हाय. तुजं बटाट्याचं गाव न्हवं."

"असंल. पर मी जेवलो की ती मोकळी. म्हनून न्हाई जेवत."

सूर्य डोक्यावर आला. भाकरी गार झाली. पिठल्यावर साय धरली. मी सकाळपासून उपाशी होतो आणि ठेच्याचा वास नाकात जात होता. लढाईत मला एवढा त्रास कधी झाला नाही. मामा एकदा आत गेला, एकदा बाहेर आला, बैलाला उगीच शिवी घातली. शेजारची माणसं गडग्यावर येऊन उभी राहिली. आत कुणीतरी भांडी जरा जास्तच जोरात आपटत होतं, ती मामी नव्हती. मामी दारातच होती.

अखेर मामीचाच पारा चढला. "आवं, माज्या दारात नणंदंचं प्वार उपाशी बसलंय! गावात तोंड कुटं दावू? माधवनगरचं लोक काय मला भाकरी घालनार हाईत?"

"मी काय करू? जेवत न्हाई त्यो."

"त्यो जेवत न्हाई, का तुमी जेवू देत न्हाई?"

मी पिशवीतून वस्त्र काढलं आणि बाजेवर ठेवलं. मामानं ते बोटांत धरून बघितलं, वीण बघितली. मग मूर्ती घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "चुलीवर धरलीया ही." बसऱ्याला त्यालाही कुणीतरी दोनशे वर्षांचं काहीतरी विकलेलं असणार. तो पहिल्यांदा मिशीतल्या मिशीत हसला.

"त्यो तिकडला मामा तुला काय म्हनून हाक मारायचा?"

"केला."

"त्येचा अर्त?"

"जावई."

मामानं आत बघितलं. भांड्यांचा आवाज थांबलेला होता. त्यानं माझं ताट हातानं माझ्याकडे सरकवलं.

"केला, गड्या. केला. आता हे काय मोडायचं जेवान न्हवं. गीळ."

त्या दिवसाखाली माझ्या वहीत एवढंच आहे: भाकऱ्या चार, पिठलं दोनदा, ठेचा. बाकीचं लिहायला हात खरकटा होता.